शार्ल आझनावूर : आधी नट, मग गायक

प्रश्न असा आहे : शार्ल आझनावूर हे जगभर गायक आणि गीतकार म्हणून ओळखले जातात. मग त्यांनी चित्रपटांत केलेले काम हे गाण्यातल्या प्रसिद्धीमुळे मिळालेले जोडकाम मानायचे, की नट म्हणून त्यांची स्वतंत्र कारकीर्द होती? आणि ज्याला ही सगळी कारकीर्द नीट समजून घ्यायची आहे, त्याने सुरुवात कोठून करावी?

मी फ्रेंच शिकवते आणि विद्यार्थ्यांकडून फ्रेंच गाणी बसवून घेते. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की, हा प्रश्न ज्या क्रमाने विचारला जातो तो क्रमच मुळात उलटा आहे. आझनावूर गायक होते म्हणून नट झाले नाहीत. ते लहानपणी नट होते, नट म्हणूनच घडले, आणि पुढे गाणे हे त्यांच्या अभिनयाचे मुख्य माध्यम झाले. त्यांच्या गाण्यांतला ‘मी’ बहुतेक वेळा शार्ल आझनावूर नसतो. तो कोणी अपयशी कलावंत असतो, कोणी म्हातारा चित्रकार असतो, कोणी बायकोला कंटाळलेला नवरा असतो. ही गोष्ट ध्यानात आली की त्यांचे चित्रपट आणि त्यांची गाणी दोन वेगळ्या खणांत ठेवण्याचे कारण उरत नाही.

त्यांचा जन्म २२ मे १९२४ रोजी पॅरिसमध्ये, एका आर्मेनियन निर्वासित कुटुंबात झाला. वडील आज जॉर्जियात असलेल्या आखाल्त्सिखे गावचे, तर आई तुर्कस्तानातल्या आर्मेनियन कुटुंबातली. थोरली बहीण आयदा हिचा जन्म वाटेत, ग्रीसमधल्या थेसालोनिकीत झाला होता. कुटुंबाला खरे तर अमेरिकेला जायचे होते. व्हिसाची वाट पाहत ते पॅरिसमध्ये थांबले आणि तिथलेच झाले. वडिलांनी ‘ल कोकाझ’ नावाचे खाद्यगृह चालवले. तिथे आर्मेनियन आणि रशियन स्थलांतरित येत, गाणीबजावणी होई, आणि वडील स्वतःही गात असत. आईवडील दोघांनाही रंगभूमीची ओढ होती. अशा घरातल्या मुलांना रंगमंच परका वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

१९३३ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांनी ‘एमिल आणि गुप्तहेर’ या बालनाट्यात काम केले, आणि त्याच सुमारास त्यांचे लांबलचक आडनाव ‘आझनावूर’ असे आटोपशीर झाले. १९३६ आणि १९३८ मध्ये दोन चित्रपटांतही ते मुलांच्या घोळक्यात दिसतात. ही कामे किरकोळ आहेत आणि त्यांच्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. पण रंगमंचावर कोठून यायचे, कोठे उभे राहायचे, हातांचे काय करायचे आणि संवाद नसताना काय करायचे, हे त्यांना गाण्याच्या कितीतरी आधी शिकायला मिळाले, एवढे यातून निश्चित कळते.

युद्धकाळात त्यांची गाठ प्येर रोश या पियानोवादकाशी पडली आणि दोघांची जोडी जमली. रोश चाली बांधत, आझनावूर शब्द लिहीत, आणि नाइटक्लबांतून दोघे मिळून गात. १९४६ मध्ये विख्यात फ्रेंच गायिका एडिथ पियाफ यांनी त्यांना ऐकले आणि पुढे अमेरिकेचा रस्ता दाखवला. तेथून ही जोडी कॅनडातल्या माँट्रियलला गेली आणि तिथल्या ‘ओ फझाँ दोरे’ या क्लबात तिने चांगला जम बसवला. रोश यांनी तिकडेच लग्न केले; आझनावूर पॅरिसला परतले आणि पियाफ यांच्या गोतावळ्यात दाखल झाले. गाडी चालवणे, कार्यक्रमात दिव्यांची व्यवस्था पाहणे, निरोप पोचवणे, सामान वाहणे आणि त्यातून वेळ मिळाला की गाणी लिहिणे, असे त्यांचे या घरातले काही वर्षांचे आयुष्य होते. पुष्कळ चरित्रलेखक हा काळ उमेदवारीचा म्हणून दोन ओळींत उरकतात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. विंगेत उभे राहून, दिव्यांचा ताबा हाती ठेवून, पियाफ यांच्यासारखी कलावती रोज एकच गाणे नव्याने कशी उभी करते हे पाहण्याची अशी संधी कोणत्याही शाळेत मिळाली नसती. पुढे त्यांच्या स्वतःच्या कार्यक्रमांत प्रकाशयोजनेला जो अर्थ आला, त्याचे मूळ मी येथे शोधते.

याच काळात ते दुसऱ्यांसाठी लिहायला शिकले. ‘झ ए ले दिमांश’, म्हणजे ‘मला रविवारांचा तिटकारा आहे’, हे गाणे त्यांनी पियाफ यांच्यासाठी लिहिले होते; चाल फ्लोरांस व्हेराँ यांची होती. पियाफ यांनी ते नाकारले. मग ते ज्युलिएत ग्रेको यांच्याकडे गेले, त्यांनी १९५१ मध्ये ते गाऊन गाजवले, आणि त्यानंतर पियाफ यांनीही ते ध्वनिमुद्रित केले. नाटककार जसा विशिष्ट नटाची जीभ आणि उंची डोळ्यांसमोर ठेवून भूमिका लिहितो, तसे हे लिहिणे होते. पुढच्या दशकात जॉनी हालिडे आणि सिल्व्ही व्हार्तां या अगदी तरुण पिढीच्या गायकांसाठीही त्यांनी याच हाताने गाणी लिहिली. ‘रतियाँ ला न्युई’ आणि ‘ला प्ल्यू बेल पूर आले दांसे’ या त्या काळच्या दोन अत्यंत लोकप्रिय गाण्यांचे शब्द आझनावूर यांचे आहेत, हे आजही अनेकांना ठाऊक नसते. दोन्हींची चाल झॉर्झ गार्वारेंत्स यांची आहे. हे गार्वारेंत्स पुढे आयदा यांचे पती झाले.

स्वतः गाण्याच्या बाबतीत मात्र वाट बिकट होती. उंची जेमतेम एक मीटर साठ सेंटीमीटर, चेहरा त्या काळच्या नायकाच्या कल्पनेत न बसणारा, आणि आवाज घोगरा, धुरकट, जणू पडद्याआडून येणारा. समीक्षकांनी त्यांच्यावर जे लिहिले ते आज वाचताना अंगावर येते, इतके ते क्रूर आहे. आझनावूर यांनी आपल्या आत्मकथनात त्या दिवसांतली एक नोंद दिली आहे. तिच्यात त्यांनी आपल्या उणिवांची यादीच केली आहे : आवाज, उंची, हातवारे, शिक्षणाचा आणि संस्कृतीचा अभाव, स्पष्टवक्तेपणा, व्यक्तिमत्त्वाचा अभाव. आवाज बदलणे शक्य नाही, शिक्षकांनी गाऊ नको असेच सांगितले आहे, तरी मी गाणार, असा त्या नोंदीचा आशय आहे. स्वतःकडे इतक्या कोरडेपणाने पाहणे हा नटाचा गुण आहे. आपल्या देहाला काय शोभते आणि काय शोभत नाही, हे तपासल्याशिवाय नटाचे पाऊल पुढे पडत नाही.

या आवाजाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझे विद्यार्थी येथेच अडखळतात. सुरेल, तयार गळ्याचा विद्यार्थी आझनावूर यांचे गाणे घेतो, सगळे सूर जागच्या जागी लावतो, उच्चारही निर्दोष असतात, आणि तरीही गाणे उभे राहत नाही. कारण या गाण्यांची बांधणी बोलण्यावर झालेली आहे. पहिल्या कडव्यात आझनावूर जवळजवळ बोलतात. वाक्य जेथे संपते तेथेच श्वास घेतात, चालीतली मात्रा जेथे संपते तेथे नव्हे. शब्द चालीच्या किंचित मागे राहतात, मग एकदम घाईने पुढे येऊन तिला गाठतात. आवाज मोकळा सुटतो तो शेवटी, आणि तोही पात्राला आता गप्प बसणे अशक्य झाले म्हणून. आवाजातली ती खरखर पहिल्या ओळीत दोष वाटते, आणि शेवटच्या कडव्यात तीच त्या माणसाच्या खरेपणाची साक्ष होते. मी विद्यार्थ्यांना आधी संपूर्ण गाणे चालीशिवाय, एखादे स्वगत म्हणावे तसे म्हणायला लावते. ते स्वगत ऐकणाऱ्याला खरे वाटू लागले, की मगच आम्ही पियानो उघडतो.

१९५० च्या दशकाच्या मध्यावर ‘स्यूर मा व्ही’ या गाण्याने त्यांना गायक म्हणून पहिले मोठे यश मिळाले. ‘आप्रे लामूर’ हे प्रणयानंतरच्या क्षणांविषयीचे गाणे त्या काळच्या फ्रेंच रेडिओला झेपले नाही आणि ते प्रसारणातून वगळले गेले. पण खरा निर्णायक काळ १९५९ आणि १९६० ही दोन वर्षे होती, आणि या उत्तराचा गाभाही तोच आहे.

१९५९ मध्ये झॉर्झ फ्रांजू यांचा ‘ला तेत कोंत्र ले म्यूर’ हा चित्रपट आला. मनोरुग्णालयात डांबलेल्या एका तरुणाची ही गोष्ट आहे, आणि आझनावूर त्यात त्याच्या मित्राची, अपस्माराने ग्रासलेल्या ओर्तव्हाँ या रुग्णाची भूमिका करतात. गाणे नाही, देखणेपणा नाही, प्रेक्षकांना खूश करण्याची एकही जागा नाही. भेदरलेले डोळे, आखडलेले खांदे आणि सुटकेची वेडी आशा, एवढेच साहित्य त्यांच्या हाती आहे. त्या दोघांचा पळून जाण्याचा प्रयत्न ओर्तव्हाँला आलेल्या झटक्यामुळे फसतो, तो प्रसंग पाहताना हा माणूस प्रसिद्ध गायक आहे याची आठवणही होत नाही. फ्रान्स्वा त्रुफो यांनी हा चित्रपट पाहिला आणि आपल्या दुसऱ्या चित्रपटासाठी त्यांनी आझनावूर यांची निवड केली.

तो चित्रपट म्हणजे ‘तिरे स्यूर ल पियानिस्त’, ‘पियानोवादकावर गोळ्या झाडा’. डेव्हिड गुडिस या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. त्रुफो यांनी कथा फ्रान्समध्ये आणली आणि नायकाला आर्मेनियन आडनाव दिले : एदुआर सारोयान. हा एके काळचा मैफिलींचा विख्यात पियानोवादक आता शार्ली कोलेर या नावाने एका साध्या बारमध्ये नाचणाऱ्यांसाठी पियानो वाजवतो आहे. ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांना एक गोष्ट सांगितली की आश्चर्य वाटते : फ्रान्समधला एक नामवंत गायक नायक असूनही या चित्रपटात तो एकही गाणे गात नाही. बारमध्ये गातात ते बोबी लापोएंत, आणि नायक पाठीमागे पियानोवर मान खाली घालून बसलेला असतो.

यातले दोन प्रसंग मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा दाखवते. पहिल्यात एदुआर एका बड्या संयोजकाच्या दारासमोर उभा आहे. आत गेला की त्याचे नशीब पालटणार आहे. कॅमेरा त्याच्या बोटावर जातो. बोट घंटीच्या बटणाकडे सरकते, थांबते, पुन्हा सरकते, पण दाबत नाही. तेवढ्यात दार आतून उघडते आणि हातात व्हायोलिनची पेटी घेतलेली एक तरुणी बाहेर येते. तो आत जातो, दार बंद होते, आणि कॅमेरा त्याच्यासोबत आत न जाता त्या तरुणीबरोबर लांबलचक बोळातून बाहेर चालू लागतो. आतून त्याचा पियानो ऐकू येत राहतो. नायकाच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची घटना आपल्याला दिसतच नाही. दिसते ते फक्त तिच्या आधीचे कचरणे, आणि ते सगळे एका बोटात आहे.

दुसरा प्रसंग रात्रीच्या रस्त्यावरचा आहे. शार्ली आणि बारमध्ये काम करणारी लेना शेजारी शेजारी चालत आहेत. तिचा हात हातात घ्यावा की नाही, घेतला तर कसा, तिला काय म्हणावे, हे सगळे तो मनातल्या मनात बोलतो आहे आणि ते आपल्याला ऐकू येते. त्याचा हात पुढे होतो, मागे येतो, पाठीमागे बोटे मोजू लागतात. शेवटी धीर करून तो तोंड उघडतो, तर लेना निघून गेलेली असते. या संपूर्ण चित्रपटात हा माणूस प्रत्येक वेळी क्षणभर उशिरा पोचतो. पत्नी तेरेझाच्या बाबतीत तर तो उशीर जीवघेणा ठरतो. आझनावूर यांनी हा उशीर चेहऱ्यावर कोठेही मोठा करून दाखवलेला नाही. रंगमंचावर सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत हात पोचवणारा कलावंत येथे क्लोजअपसमोर सगळे आत ओढून घेतो. ज्यांना त्यांचा अभिनय म्हणजे गायकाची हौस वाटते, त्यांनी ही दोन दृश्ये पाहून मत बनवावे.

‘तिरे स्यूर ल पियानिस्त’ नोव्हेंबर १९६० च्या अखेरीस पॅरिसमध्ये प्रदर्शित झाला आणि तिकीटबारीवर पडला. त्यानंतर काही आठवड्यांतच, डिसेंबर १९६० मध्ये, आझनावूर पॅरिसच्या ‘आलांब्रा’ या म्युझिक हॉलमध्ये मुख्य कलावंत म्हणून उभे राहिले. पहिली काही गाणी झाली तरी सभागृह थंड होते. मग त्यांनी ‘झ म व्वायै देझा’ हे गाणे घेतले, ज्यातला माणूस आपले नाव जाहिरातफलकावर सर्वांत वर झळकल्याचे स्वप्न पाहत आला आहे. हे गाणे आधी ईव्ह मोंताँ या प्रसिद्ध गायक-नटाला देऊ केले होते. आपल्या धंद्याविषयीची गाणी लोकांना भिडत नाहीत, असे त्यांचे मत पडले आणि त्यांनी ते घेतले नाही.

या गाण्याची रचना एखाद्या एकपात्री नाटिकेसारखी आहे. अठराव्या वर्षी गाव सोडून पॅरिसला आलेला एक जण बोलतो आहे. सर्वांत महागड्या शिंप्याकडून त्याने निळा सूट शिवून घेतला; छायाचित्रे, गाणी आणि वाद्यवृंदाच्या नोटेशनवर साठवलेले पैसे संपले. पहिल्या धृपदात तो स्वप्न सांगतो : फलकावर आपले नाव, चाहत्यांचा घोळका, स्वाक्षऱ्या. मग दुसरे कडवे येते आणि कळते की हे सगळे फार जुने आहे. आता रंगभूषेखाली चेहरा म्हातारा झाला आहे, तो दुय्यम जागी गातो आहे, आणि तरीही तो ठामपणे म्हणतो की आवाज शाबूत आहे, हातवारे अचूक आहेत, दोष असेल तर न समजणाऱ्या प्रेक्षकांचा आहे. चाल तीच, वाद्यवृंदाचा झगमगाट तोच. बदलला आहे तो फक्त काळ. त्यामुळे पहिल्यांदा आनंदी वाटलेले संगीत दुसऱ्यांदा ऐकताना सोसवत नाही. आझनावूर यांनी हे गाणे प्रेक्षकांकडे पाठ करून आणि दिव्यांचे झोत सभागृहाकडे वळवून सादर केले, म्हणजे बसलेले लोक एकाएकी त्या अपयशी कलावंताच्या नजरेतून रंगमंच पाहू लागले. गाणे संपल्यावर आधी शांतता पसरली आणि मग टाळ्यांचा जो गजर झाला, त्यानंतर ते फ्रेंच गाण्यातले पहिल्या क्रमांकाचे नाव झाले.

चित्रपटात प्रसिद्धी टाकून अंधारात दडलेला वादक, आणि गाण्यात अंधारात राहून प्रसिद्धीसाठी तडफडणारा गायक : एकाच हिवाळ्यात पॅरिससमोर आलेल्या या दोन भूमिका एकमेकींच्या अगदी विरुद्ध टोकांना आहेत. पहिली पडद्यावर झाली म्हणून तिला अभिनय म्हणायचे आणि दुसरी चालीत झाली म्हणून तिला गायन म्हणायचे, ही विभागणी मला तरी पटत नाही.

त्या काळातले त्यांचे आणखी दोन चित्रपट पाहण्याजोगे आहेत. आंद्रे कायात यांच्या ‘ल पासाझ द्यू रँ’ या चित्रपटाला १९६० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला. जर्मनीत युद्धकैदी म्हणून शेतावर राबणाऱ्या आणि तिथल्या माणसांत गुंतत जाणाऱ्या पॅरिसच्या बेकरीवाल्याचे काम त्यांनी त्यात केले आहे. १९६१ चा ‘अँ ताक्सी पूर तोब्रूक’ मोठ्या प्रमाणावर चालला. लिब्याच्या वाळवंटात भरकटलेले चार फ्रेंच सैनिक आणि त्यांचा जर्मन कैदी यांच्या या कथेत आझनावूर यांनी साम्युएल गोल्डमान हा ज्यू सैनिक उभा केला, आणि लिनो व्हेंतुरा व हार्डी क्रूगर यांच्यासारख्या दणकट नटांमध्ये तो कोठेही झाकोळला गेला नाही. संगीत पुन्हा गार्वारेंत्स यांचेच होते.

यानंतरच्या चित्रपटांविषयी मात्र मला कौतुकाने लिहिता येत नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते गायक म्हणून इतके मोठे झाले होते, आणि वर्षाचे इतके महिने परदेश दौऱ्यांत जात होते, की चित्रपटाला लागणारा सलग वेळ देणे अवघड झाले. बहुभाषक, मोठ्या खर्चाच्या चित्रपटांत त्यांचे नाव येते, पण वाट्याला आलेली पात्रे बहुधा तोंडी लावण्यापुरती असतात. १९७४ मध्ये अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या सुप्रसिद्ध दहा पाहुण्यांच्या रहस्यकथेवर इराणमध्ये जो चित्रपट झाला, त्यात तर पाहुण्यांमध्ये पहिला बळी त्यांच्याच पात्राचा जातो, आणि त्याआधी ते पियानोवर बसून आपले एक गाणे म्हणून घेतात. दिग्दर्शकाने नटाऐवजी प्रसिद्ध गायकाला बोलावले की असे होते. त्रुफो यांनी नेमके हेच टाळले होते.

या काळात त्यांचा अभिनय पाहायचा तर तो रंगमंचावरच्या गाण्यांत पाहावा. ‘ला बोएम’ हे गाणे पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकणाऱ्यांपैकी अनेकांनी ऐकलेले असते. १९६५ च्या या गाण्याचे शब्द झाक प्लांत यांचे आहेत. आझनावूर यांची आहे ती चाल. शब्दही त्यांचेच असावेत असे वाटण्याइतके ते त्यांनी आपलेसे केले. पॅरिसमधल्या माँमार्त्रच्या टेकडीवरचे उपाशी, उमेदीचे दिवस आठवणारा हा चित्रकार साकारताना ते हातात एक पांढरा रुमाल घेत. चित्रकाराने बोटांचा रंग पुसावा तसा तो रुमाल गाणेभर त्यांच्या हातात फिरत राही, आणि शेवटी, वॉल्ट्झची लय वाढत जाऊन कळसाला पोचली की ते तो खाली टाकून देत. ‘ले प्लेझीर देमोदे’ या गाण्यात ते प्रेक्षकांकडे पाठ करत आणि स्वतःचेच हात पाठीवर असे गुंफत, की गालाला गाल लावून नाचणारे जोडपे दिसावे. एक रुमाल किंवा दोन हात, यापलीकडे त्यांना नेपथ्य लागले नाही.

१९७२ चे ‘कॉम इल दीझ’ हे त्यांच्या भूमिकांतले सर्वांत धाडसाचे काम आहे. आईबरोबर राहणारा, दिवसा घर सांभाळणारा आणि रात्री क्लबात स्त्रीवेषात कार्यक्रम करणारा एक समलिंगी पुरुष येथे आपली हकिकत प्रथमपुरुषी सांगतो. त्या काळी फ्रेंच करमणुकीत अशी माणसे चेष्टेसाठीच येत. जवळच्या लोकांना हे गाणे जोखमीचे वाटले. आझनावूर यांनी ते दुसऱ्या कोणाला न देता स्वतःच गायले. ‘मी’ म्हणण्याचे टाळून ‘तो’ म्हटले असते तर गाणे सुरक्षित झाले असते, पण मग ते निरीक्षण झाले असते. प्रथमपुरुष निवडल्यामुळे श्रोत्याला त्या माणसाच्या खोलीत बसून त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागते. मी विद्यार्थ्यांना हे गाणे उशिराच देते, कारण त्यात एक जरी हातवारा जास्त झाला तर पात्राची विटंबना होते.

श्रेयाबद्दल एक खुलासा करते, कारण ‘गायक-गीतकार’ या शब्दामुळे सर्व काही त्यांचेच असा समज होतो. ‘झ म व्वायै देझा’, ‘इयेर आंकोर’, ‘एम्ने-म्वा’ आणि ‘कॉम इल दीझ’ यांचे शब्द आणि चाल दोन्ही त्यांचे आहेत. ‘ला मामा’चे शब्द रोबेर गाल यांचे, ‘के से त्रिस्त व्हनीझ’चे फ्रान्स्वाझ दोराँ यांचे. इंग्रजीतले ‘शी’ हे गाणे १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्याचे शब्द हर्बर्ट क्रेट्झमर यांचे आहेत आणि ते मुळात एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी तयार झाले होते. इतरांच्या शब्दांना चाल लावतानाही ते पात्र शोधत असत, आणि म्हणून ही सर्व गाणी एकाच हातची वाटतात.

उतारवयात चित्रपटाने त्यांना पुन्हा योग्य भूमिका दिल्या, आणि त्या बहुतेक उपऱ्या, शांत, दुकानाच्या काचेआडून जग पाहणाऱ्या माणसांच्या आहेत. फोल्कर श्लोंडॉर्फ यांच्या १९७९ च्या ‘टिन ड्रम’ या चित्रपटात ते डान्झिगमधले ज्यू खेळणीविक्रेते झिगिसमुंड मार्कुस आहेत. नायक ओस्करला पत्र्याचे ढोल याच दुकानातून मिळतात, आणि नाझींनी दुकानाची नासधूस केल्यावर मार्कुसचा अंत तिथेच होतो. भूमिका लहान आहे, पण चित्रपटातली माणुसकी तिच्यात साठलेली आहे. या चित्रपटाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला आणि परभाषिक चित्रपटाचे ऑस्करही मिळाले.

क्लोद शाब्रोल यांच्या १९८२ च्या ‘ले फांतोम द्यू शापलिए’ मधला शिंपी काशूदास ही माझ्या मते त्रुफोनंतरची त्यांची सर्वोत्तम भूमिका आहे. समोरासमोर दोन दुकाने : एक टोपीवाल्याचे, एक या गरीब आर्मेनियन शिंप्याचे. टोपीवाला खुनी आहे हे शिंप्याला कळले आहे, आणि त्याला कळले आहे हे टोपीवाल्यालाही ठाऊक आहे. पण परदेशातून आलेल्या गरीब शिंप्याचा शब्द प्रतिष्ठित नागरिकाविरुद्ध कोण मानणार? म्हणून तो बोलत नाही, फक्त त्याच्या मागे मागे चालत राहतो. मिशेल सेरो टोपीवाल्याच्या भूमिकेत मुद्दाम भडक, बडबडे आणि नाटकी काम करतात. आझनावूर त्यांच्यासमोर जवळजवळ काहीच करत नाहीत. ओले रस्ते, खाली घातलेली मान, थोडे मागे राहून चालणे आणि सगळे साठवून घेणारे डोळे. निर्वासितांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे भय अभ्यासून मिळवावे लागले नसणार.

आर्मेनियाशी असलेले त्यांचे नाते उत्तरायुष्यात अधिकाधिक उघडपणे व्यक्त झाले. ऑटोमन तुर्कस्तानात १९१५ मध्ये झालेल्या आर्मेनियनांच्या नरसंहारावर त्यांनी गार्वारेंत्स यांच्यासह ‘इल सों तोंबे’ हे गाणे केले. डिसेंबर १९८८ च्या भूकंपानंतर त्यांनी फ्रान्समधल्या कलावंतांना एकत्र आणून मदतीसाठी एक समूहगीत ध्वनिमुद्रित केले, आणि २००९ पासून ते स्वित्झर्लंडमध्ये आर्मेनियाचे राजदूत होते. या काळातही मैफिली चालूच होत्या. स्मरणशक्ती दगा देऊ लागल्यावर समोर शब्दांचा पडदा ठेवून, आणि तो ठेवला आहे हे लोकांना मोकळेपणाने सांगून ते गात राहिले. सप्टेंबर २०१८ मध्ये जपानमधल्या ओसाका येथे त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि १ ऑक्टोबर २०१८ रोजी, ९४ व्या वर्षी, दक्षिण फ्रान्समधल्या मूरिएस येथे त्यांचे निधन झाले.

आता कोठून सुरुवात करावी, याविषयी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने गाण्यांचे निवडक संग्रह सलग ऐकू नयेत. तिथे आवाज ऐकू येतो, माणूस दिसत नाही. त्याऐवजी रंगमंचावरची चित्रफीत पाहावी. ‘झ म व्वायै देझा’ शब्दांचा अर्थ आधी वाचून मग पाहावे, त्यानंतर ‘ला बोएम’ आणि मग ‘कॉम इल दीझ’. चित्रपटांत पहिला ‘तिरे स्यूर ल पियानिस्त’ पाहावा, त्यानंतर शाब्रोल यांचा. फ्रांजू यांचा चित्रपट अंगावर येणारा आहे, तो तिसरा ठेवावा. अ‍ॅटम एगोयान यांचा २००२ चा ‘अरारात’ या सर्वांच्या नंतर पाहावा. व्हान शहराच्या १९१५ च्या वेढ्यावर चित्रपट काढणाऱ्या वृद्ध दिग्दर्शकाची भूमिका त्यात आझनावूर यांनी केली आहे, आणि त्या दिग्दर्शकाचे नाव एडवर्ड सारोयान आहे. त्रुफो यांच्या पियानोवादकाचे हेच नाव होते, हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला त्या भूमिकेत आणखी बरेच काही दिसेल.